फेब्रुवारीतली सिस्टर

"काका, आज वरून घ्या ना."

बस नर्सेसच्या हॉस्टेलच्या फाटकातून बाहेर पडली की माझ्या मागच्या सीटवरची सिस्टर पुढे वाकायची, माझ्या सीटच्या पाठीवर दोन बोटं टेकवायची आणि आवाज न चढवता हे म्हणायची. आमच्या रस्त्यात एक लांब बोगदा होता. बोगद्यातून गेलं की हॉस्पिटल सात मिनिटं आधी येई. वरून म्हणजे सिग्नलच्या रस्त्यानं. पण बोगद्यात शिरलं की मोबाइलचं नेटवर्क जायचं, आणि तिच्या मोबाइलवर त्या वेळी ऑस्ट्रेलियाचा रेडिओ चालू असायचा.

मी म्हणायचो, "बस तुम्ही चालवता की मी?" आणि बोगद्यात घालायचो.

मी चौथी शिकलेला माणूस, दापोलीकडचा. रियाधमध्ये इतकी वर्षं गाडी चालवली, गाडीला ओरखडा नाही. माझा रस्ता मी ठरवणार. मेट्रननं सांगितलं तरी मी बदलत नव्हतो, मग एका सिस्टरसाठी का बदलू? माझ्यासारखे म्हातारे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्याशी वाद घालून कुणाचं काही भलं झालेलं नाही.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. तिचं नाव मी लिहीत नाही. आपल्याबद्दल चारचौघांत बोललेलं तिला चालायचं नाही.

ती मिरजेची. ऑपरेशन थिएटरमध्ये होती, पन्नाशीला टेकलेली. उंच इतकी की बसच्या दारात मान खाली घालून चढायची. नवरा लवकर गेला. मुलगा अकरा वर्षांचा असताना मेलबर्नच्या दिरानं त्याला शिकायला आपल्याकडे नेलं आणि ही इकडे आली. दोन वर्षांसाठी, असं ठरलं होतं. इथे आलेल्या प्रत्येकाचं दोन वर्षांसाठीच ठरलेलं असतं.

मुलगा आईवर गेला, ताडासारखा वाढला आणि तिकडच्या फुटबॉलमध्ये शिरला. आपला फुटबॉल नव्हे. तिनंच मला समजावलेलं सांगतो. चेंडू अंड्यासारखा. मैदानही लांबट गोल. दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब, त्यांना आडवी दांडी नाही. मधल्या दोघांतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूनं गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळायचं, मुठीनं ठोसून दुसऱ्याला द्यायचा. मी म्हटलं, हा खेळ आहे की भांडण? ती म्हणाली, "मलाही आधी तसंच वाटलं होतं."

मुलाला तिथल्या एका मोठ्या क्लबनं घेतलं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या क्लबांची एक स्पर्धा व्हायची. त्यात लांबून मारलेल्या गोलाला सहाऐवजी नऊ गुण देत. तिकडे दुपारी दोनला मॅच सुरू झाली की आमच्याकडे सकाळचे सहा वाजलेले असायचे. सहाला माझी बस सुटायची.

फजरची नमाज झाली की मी बस धुऊन फाटकाशी लावायचो. सिस्टरलोक चढायच्या, बहुतेक मल्याळी, काही फिलिपिनो, बसल्या बसल्या झोपायच्या. ही तेवढी जागी. एका कानात वायर आणि हातात बॉलपेन. त्या बडबडीतलं तिला सगळं कळत नव्हतं, ती वाट बघायची मुलाच्या नावाची. ते गोरे त्या आडनावाचं भरीत करायचे, पण तिला ते ओळखू यायचं. नाव आलं की ती डाव्या तळहातावर एक रेघ मारायची. एकदा आरशात मला हे दिसलं आणि मी विचारलं. म्हणाली, "नाव आलं म्हणजे चेंडू त्याच्याकडे आला." हॉस्पिटलला उतरताना ती हात उघडून मला दाखवायची. कधी चार रेघा, कधी नऊ. मग वर जाऊन ऑपरेशनच्या आधी साबणानं खसाखसा धुऊन टाकायची.

मी मात्र बोगद्यातूनच जायचो. त्या तीन-चार मिनिटांत ती वायर कानात तशीच ठेवून बसायची. बाहेर पडल्यावर एकदा म्हणाली, "आत दोनदा तरी आलं असेल नाव." मी आरसा वर केला.

त्या वर्षी मुलाचा क्लब फायनलला गेला. फायनल आमच्याकडे शनिवारी दुपारच्या आत होती आणि तिला सुट्टी. हॉस्टेलमध्ये नेट धड नव्हतं आणि पुरुषमाणसाला आत पाऊल टाकायची सोय नव्हती. मग मी बस फाटकासमोर आणून एसी लावून ठेवली. सरळ सांगतो, कुणाला न विचारता. ती आणि आणखी चारपाच जणी मागे, मी पुढे. मुलाचा क्लब जिंकला. तिनं रडूबिडू काही केलं नाही. तळहात भरला होता, शेवटच्या रेघा मनगटावर गेल्या होत्या. तिनं डब्यातून बेसनाचे लाडू आणले होते, म्हणजे क्लब हरला असता तरी वाटलेच असते. अर्धा डबा तिनं माझ्याजवळ दिला.

रियाधच्या बत्हा भागात आमच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. मी लाडू वाटले आणि सांगितलं, आमच्या सिस्टरचा मुलगा ऑस्ट्रेलियात चॅम्पियन झाला. खालच्या हॉटेलवाल्याला सांगितलं, केस कापणाऱ्याला सांगितलं. माझाच मुलगा जिंकल्यासारखा मी दोन दिवस फिरत होतो.

खोलीत मालेगावचा एक स्वयंपाकी होता. गोऱ्या लोकांच्या वसाहतीत कामाला. तिसऱ्या दिवशी तो विचारून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चाचा, वो तो सीझन के पहले का है, हात खोलने के लिए. उसको कोई नहीं गिनता. असली तो अब शुरू होगा." सगळे हसले. तेव्हापासून मी खोलीत 'चॅम्पियन के चाचा' झालो.

मला हसलेलं खपत नाही. दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली तशी मी सगळ्या सिस्टरलोकांसमोर मोठ्यानं म्हटलं, "सिस्टर, ती तुमची स्पर्धा कुणी धरत नाही म्हणे. खरी नाहीच ती. आधी सांगायचं होतंत, मी जगाला लाडू वाटले नसते."

बोगदा आला, गेला. हॉस्पिटलच्या वळणावर सीटच्या पाठीवर दोन बोटं टेकली.

"खरी नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे, काका. खऱ्या मोसमात क्लब जुन्यांना खेळवतो, हा बाहेर बसतो. नव्या पोरांना ह्या चार आठवड्यांतच आत घेतात. मार्च संपला की मी रेडिओ लावतच नाही. कशाला लावू?"

आणि ती उतरली. त्या दिवशी हात दाखवायचा प्रश्नच नव्हता.

माफी मागणं मला जमत नाही. बापाचीही कधी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी बस सिग्नलच्या रस्त्याला घातली. मॅच नव्हती, काही नव्हतं. मागून आवाज आला, "काका, आज कशाला वरून?"

"बोगद्यात काम चाललंय."

"कसलं काम?"

"असेल कसलं तरी."

आरशात बघितलं तर ती खिडकीबाहेर बघून हसत होती. त्यानंतर मी बोगद्यातून गेलो नाही. सिस्टरलोक सात मिनिटं उशिरा पोचतात म्हणून मेट्रननं कागद पाठवला. मी घड्याळ पुढे केलं आणि बस सात मिनिटं आधी काढली. शिव्या मी खाल्ल्या, सगळ्यांच्या.

पुढच्या वर्षी तिनं फेब्रुवारीची रजा मागितली. रजा सगळ्यांना हवी असते ईदला नाहीतर उन्हाळ्यात, मुलांच्या शाळेला सुट्टी असते तेव्हा. फेब्रुवारी मागणारी ही एकटीच. तरी मेट्रननं दोन महिने अडवून धरली. मग इकडचा एक्झिट-रीएन्ट्रीचा, म्हणजे जाऊन परत यायचा, शिक्का, तिकडचा व्हिसा. मुलाला भेटून तिला चार वर्षं झाली होती आणि खेळताना तर तिनं त्याला एकदाही बघितलं नव्हतं. मला म्हणाली, "नुसत्या कानानं वाढवलाय हो मी त्याला. एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून बघायचंय." तिकीट फेब्रुवारीच्या अखेरचं. म्हणजे पहिल्या दोन मॅच बसमध्ये, पुढच्या डोळ्यांनी.

पहिली मॅच. बस वरून, सगळे सिग्नल हिरवे. हॉस्पिटलला उतरताना तिनं हात उघडला. कोरा.

"बाकावर बसवला असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या मॅचलाही कोरा. ह्या वेळी तिनं दाखवला नाही, मीच बघितला.

त्या दिवशी ड्युटी संपल्यावर बाकीच्या यायच्या आधी ती येऊन बसमध्ये बसली. फोन लावला होता तिनं. मुलाला क्लबनं मोसम संपल्यावरच, ऑक्टोबरमध्ये, सोडून दिलं होतं. चार-पाच महिने तो दर रविवारी तिच्याशी बोलत होता, जेवलास का, थंडी आहे का, आणि हे सांगितलं नव्हतं. आता एका फरशीच्या दुकानात माल उतरवत होता. तो म्हणाला, आई, तू फेब्रुवारीची रजा घेतलीस, मग मी कसं सांगू?

पार्किंगमध्ये ऊन होतं. ती म्हणाली, "तिकीट रद्द करते. उन्हाळ्यात जाईन मिरजेला." मिरजेत तरी कोण होतं? आई वर्षापूर्वीच गेली होती.

मला राग आला. कुणाचा ते अजून सांगता येत नाही. मी मागे वळून म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला पोराला बघायला जायचंय की चेंडूला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि काका, तुम्ही कधी जाणार?"

माझे दोन मुलगे दापोलीला. मी पाच वर्षं गेलो नव्हतो. दर शुक्रवारी फोन करत होतो. मी बस सुरू केली.

विमानतळावर मीच तिला सोडलं. एक बॅग आणि लाडूंचा डबा. तो डबा तिकडच्या तपासणीत काढून घेतील असं मी सांगितलं तर म्हणाली, घेऊ देत की, करून तर नेते. रजा दीड महिन्याची होती. परत कुठल्या विमानानं येणार ते तिनं कागदावर लिहून दिलं आणि तो कागद मी बसच्या आरशामागे खोवून ठेवला.

एप्रिलमध्ये त्या दिवशी मी बस घेऊन विमानतळावर गेलो. विमान उतरलं. उमऱ्याला आलेली माणसं निघाली, मजूर निघाले, बायकामुलं निघाली. मी तीन तास उभा होतो. ती त्यात नव्हती. हॉस्पिटलमध्ये मेट्रन म्हणाली, आम्हालाही तिनं काही कळवलेलं नाही.

दोन दिवसांनी शनिवार होता. सकाळच्या सिस्टरलोकांना सोडून मी पार्किंगमध्ये रिकाम्या बसमध्ये बसलो होतो. सात वाजून गेले होते. फोन वाजला, नंबर बाहेरचा. मी आवाज ओळखला आणि सरळ ओरडलोच, कुठे आहात, मी तीन तास उभा होतो, मेट्रन खोली दुसरीला देतेय.

"देऊ दे," ती म्हणाली. "काका, आधी ऐका. मी मैदानावर आहे."

मुलगा आता वस्तीतल्या एका क्लबकडून खेळत होता. दुकानात काम करणारी, शाळेत शिकवणारी पोरं. बघायला वीस-तीस माणसं, दोन कुत्री. रेडिओ नाही, कोणी नाव घेणारं नाही. "म्हणून म्हटलं, मीच तुम्हाला सांगते," ती म्हणाली.

आणि ती सांगायला लागली. आता चेंडू तिकडच्या टोकाला आहे. हा मध्ये उभा आहे, कमरेवर हात ठेवून, अगदी त्याच्या वडिलांसारखा. आला, त्याच्याकडे आला. धरला. पळतोय. मला तो खेळ पहिल्यांदा कळला, कारण तो मिरजेच्या मराठीत चालला होता. पडला, पण उठला. गुडघा लागला वाटतं. नाही, बरा आहे. दुसऱ्याला दिला, परत घेतला. आता समोर खांब आहेत काका, लांब आहे तसा, मारेल की नाही...

मग ती बोलायची थांबली.

मला वारा ऐकू येत होता. कुत्रं भुंकलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, थोड्याच, पाच-सहा माणसांच्या. मी म्हटलं, सिस्टर, गेला का? फोन हातात आहे हे ती विसरली असावी.

मी कापला नाही. ती बघत होती. मी फोन कानाला लावून बसून राहिलो, तिकडून आपोआप बंद होईपर्यंत.