पांढऱ्या पेशीतला ठिपका

सुमनअक्का गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, अनिलने केला, तेव्हा मी जळगावात लॅबमध्येच होतो. "हार्ट अटॅक," तो म्हणाला. धीराचे दोन शब्द बोलायचं सोडून मी विचारलं, "ताप होता का?" त्याने सांगितलं, "दोन दिवस कणकण होती. पहिल्याच दिवशी रक्त तपासलं. मलेरिया निगेटिव्ह." पाच आठवडे झाले, तो 'निगेटिव्ह' माझ्या डोक्यातून जात नाही. निगेटिव्हवर विश्वास न ठेवायची ही खोड अक्कांचीच.

शिरपूरकडच्या एका आरोग्य केंद्रात अक्का रक्ताच्या स्लाइड तपासायच्या. मी त्यांच्या हाताखाली नवा होतो. एकदा सातपुड्यातल्या पाड्यावरून तापाने फणफणलेली एक गरोदर बाई आली. तिची स्लाइड बघून मी निगेटिव्ह लिहिलं, बाई तापाची गोळी घेऊन घरी गेली. अक्कांचा कोणाच्याच नजरेवर विश्वास नसे, माझ्या तर नाहीच. त्यांनी तीच स्लाइड पुन्हा लावली. बराच वेळ मान वर नाही... मग अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, आठे काहीतरी शे. देख."

त्यांनी दाखवलं तिथे एका पांढऱ्या पेशीच्या पोटात काळपट ठिपका होता. "स्लाइडला लावलेल्या रंगाचा कचरा असेल," मी म्हणालो.

"कचरा नेमका पेशीतच कसा पडला?" अक्कांनी उलट विचारलं. मग त्यांनी सांगितलं, ते मी आजवर विसरलो नाही. डास चावल्यावर मलेरियाचा जंतू आठवडाभर तरी यकृतात दडून बसतो, माणसाला पत्ता नसतो. तो रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडू लागला, की या पांढऱ्या पेशी धावतात. "यांना त्याची ओळख कोणी करून दिलेली नसते. परका दिसला की संशय घ्यायचा, हे त्यांच्यात जन्मापासूनच असतं. ताप म्हणजे त्यांनीच केलेली बोंब. जंतू गिळतात, पण त्याचा काळा गाळ पचत नाही, तो पोटात राहतो. जंतू नाही सापडला तुला, पण त्याला खाणारी पेशी तर समोर आहे ना?"

आम्ही जीप घेऊन पाडा गाठला. बाई गोधडीखाली थडथड कापत होती. दुसऱ्या स्लाइडमध्ये जंतू स्पष्ट दिसला. तिला वेळेत औषध मिळालं. काही महिन्यांनी ती लेकीला कडेवर घेऊन केंद्रात आली. अक्का मला म्हणाल्या, "बघ, दोघी आहेत." एवढंच.

गेल्या आठवड्यात अनिलला विचारून मी अक्कांच्या रक्ताची ती स्लाइड मागवली. दुपारभर बघितली. जंतू नाही, पांढऱ्या पेशी स्वच्छ. अनिलने फोनवर विचारलं, "म्हणजे मलेरिया नव्हताच ना, काका?"

"या स्लाइडमध्ये नाही," मी म्हणालो.

त्याला तेवढं पुरलं. मला नाही; ती तापाच्या पहिल्या दिवसाची, दुसऱ्या दिवसाचं रक्त कोणी बघितलंच नाही. ती काच माझ्या टेबलावरच्या पेटीत आहे. चिठ्ठीवर कुणाच्या तरी गिचमिड अक्षरात 'सुमन, वय ६८'... नोंदवहीत तिच्यापुढचा निकालाचा रकाना मी अजून भरलेला नाही.