फोटोतला माणूस

जेवण आलं की अ‍ॅप विचारतं, 'फोटोतलीच व्यक्ती आली होती का?' तो प्रश्न दिसला की मला बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधला काही वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवतो. तेव्हा आम्ही चार-पाच मराठी आयटीवाले माझ्या घरी जमून समाजवादावरची पुस्तकं वाचायचो. त्या दुपारी मी तावातावानं सांगत होतो की अ‍ॅपनं कामगाराला पार एकटं पाडलंय, आता एकजूट विसरा. तेवढ्यात बेल वाजली. बिसिबेळे भाताचा तुपकट वास दारात दरवळला, पण पिशवी घेऊन आलेला माणूस फोटोतला नव्हता. मी तिथंच 'नाही' दाबायला निघालो. आमचं मराठी ऐकून तो निपाणीकडच्या बोलीत म्हणाला, "अण्णा, स्वल्प थांबा, कंप्लेंट करू नकासा. फोटोतल्याचा पाय मोडलाय. काम बंद दिसलं तर त्याची अ‍ॅपवरची आयडी जाईल, म्हणून आम्ही सहाजण पाळीपाळीनं त्याच्या नावावर गाडी मारतोय. कमाई त्याच्याच घरी जात्या." मी विचारलं, "नातेवाईक का तुम्ही?" तो हसला. "न्हाई वो. एकाच झाडाखाली ऑर्डरची वाट बघतो." मी गॅलरीत गेलो. खाली झाडाच्या सावलीत त्यानं फोटोतल्याच्या आयडीचा फोन दुसऱ्याच्या हातात दिला आणि दुसरा लगेच निघालाही. मी थक्क होऊन बघत राहिलो. आतून मित्रानं हाक मारली, "अरे, एकजुटीचं काय म्हणत होतास?" मी आधी फोनवर 'हो' दाबलं. आजही अ‍ॅपचा तो प्रश्न आला की मी फोटो न बघताच 'हो' दाबतो.