आधी आंघोळ, मग नाव

दारात आलेल्या माणसाला तो कोण हे आमच्या आत्याने कधी लगेच विचारलं नाही. "आधी आंघोळ कर. नाव काय पळून जातंय का?" म्हणत ती पंचा पुढे करायची. आंघोळ, चहा आणि उपम्याची बशी संपली की मग नाव, गाव आणि नातं. तोवर माणूस घरचा झालेला असे.

तिचं घर काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत. सकाळी नांदेड-परभणीकडची गाडी लागली की कोणी दवाखान्यासाठी, कोणी परीक्षेसाठी, कोणी लग्नाच्या खरेदीसाठी उतरायचं. शहरात जाणारी बस धरण्याआधी आत्याकडे टेकायचं, हा रिवाजच पडला होता. स्टेशनवरचे सायकलरिक्षावाले खाजामियां बोचकी बघूनच विचारायचे, "अम्मा के घर कू?" न्हाणीघरातला तांब्याचा बंब दुपारपर्यंत थंड होत नसे. पाहुणे विसरून गेलेल्या वस्तूंत छत्र्या-कंगवे तर होतेच, एक कवळीही होती. कवळीवाल्याचं पुढे जेवणाचं कसं झालं असेल, याची आत्याला खरोखर काळजी वाटायची.

एकदा एक सडपातळ तरुण सुटकेस घेऊन आला. आत्याला वाटलं आतोबांकडचा, आतोबांना वाटलं हिच्या माहेरचा. आपल्याला ओळख पटत नाही हे दाखवायची दोघांनाही लाज, त्यामुळे त्या दिवशी नाव विचारायचं राहूनच गेलं आणि लाड मात्र दुप्पट झाले. त्याने भाकरी आणि खट्टी दाल पोटभर खाल्ली, वामकुक्षी घेतली आणि दुपारच्या चहाला लाजत लाजत आतोबांना विचारलं, "मुलगी कधी दाखवणार?"

"आम्हाला एक मुलगाच आहे," आतोबा म्हणाले.

बिचारा पुढच्या गल्लीतल्या जोश्यांकडे मुलगी बघायला आला होता. जोशीमंडळी सकाळपासून ताटकळलेली. आत्या स्वतः त्याला घेऊन गेली आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सकाळपासून बघतेय मी याला. पानात काही टाकत नाही, आपला पंचा आपण पिळतो. द्या मुलगी." लग्न जमलं. आत्या वरपक्षाच्या पंगतीत ऐटीत बसली आणि साडीचा मानही घेऊन आली.

पुढे दिवस पालटले. रूळ बदलायचं काम निघालं आणि त्या गाड्या बरेच दिवस बंद राहिल्या. पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा येणाऱ्यांच्या पोरांना नव्या कंपन्यांत नोकऱ्या लागल्या होत्या आणि लॉजचं भाडं कंपनी देत होती. आतोबा गेले. सुधीर, म्हणजे आत्याचा मुलगा, कॉम्प्युटरच्या कंपनीत, सूनही नोकरीला, आणि तान्हं बाळ सांभाळायला कोणी नाही. त्याने कुकटपल्लीला फ्लॅट घेतला आणि म्हणाला, "आई, आता हे घर सोडू या."

नातवावर तिचा जीव, पण ते घर सोडणं तिच्या अगदी जिवावर आलं. मी अंबरपेठेहून तिची समजूत घालायला गेलो, तर म्हणाली, "कोणी गाडीतून उतरून आलं आणि कुलूप बघून परत गेलं, म्हणजे रे?"

"आता कोण येतंय, आत्या?"

"येतात. कमी येतात, पण येतात. परवाच वसमतची एक बाई आली होती, डोळ्याच्या ऑपरेशनला. तिला मी लॉजवर धाडू?"

मी सुधीरला पुढे केलं. त्याच्याकडे बाळ होतं. त्याने ते आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि प्रश्न मिटला.

निघायच्या दिवशी तिने खाजामियांकडून नवा पत्ता पाठ करून घेतला. "कोई आया तो उधर भेजो, मियां. वापस नक्को भेजो."

"उत्ते दूर कौन आते, अम्मा?" ते म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने म्हणाले, "भेजतूं, अम्मा. जरूर भेजतूं."

काही दिवसांनी मी कुकटपल्लीला गेलो. कोठीला बस बदलून पोचेपर्यंत दुपार झाली. घर हवेशीर, नळाला गरम पाणी, नातू गुटगुटीत. आत्याने आग्रह करकरून वाढलं. मी विचारलं, "करमतं ना इथे?"

"न करमायला काय झालं? सगळं चांगलं आहे," ती म्हणाली. "फक्त बेल वाजली की कोण आलंय ते मला आधीच ठाऊक असतं."

आणि भांडी उचलून ती आत गेली. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मीही तिच्याकडे फोन करून गेलो होतो.