आईसाठी सुरत बघताना

८ डिसेंबर १९९६

एवढे महिने काहीच लिहिलं नाही, माफ करा. सबब नाही, निव्वळ आळस.

दोन वर्षांपूर्वी, प्लेगच्या साली सुरत सोडून आई माझ्याकडे धुळ्याला आली, ती राहिलीच. घरात आम्ही दोघीच. आता सुरतेत राहणारा माझा धाकटा भाऊ दिलीप तिला परत बोलावतोय. आई म्हणाली, "तू बघून ये. तू म्हणशील तसं."

सकाळची एसटी घेतलीत तर उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे ऊन येतं. नवापूरला चहा घ्या, भजी टाळा. बारडोलीजवळ उसाच्या गाड्यांमागे बस रांगते. घाई असेल तर रेल्वे बरी.

सुरतेत पोचल्याच्या दुसऱ्या सकाळीच गल्ल्या बघत फिरले. गटारं वाहती, कचरा उचललेला, पालिकेचे आयुक्तसाहेब स्वतः रस्त्यावर. खोट सापडेना, आणि मला त्याचीच चिडचिड. दुपारी पोंक खाल्ला, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, वर शेव. हिवाळ्यात गेलात तर सोडू नका. खाऊन सवयीने कागद खाली टाकला.

"बेन, डबा पायाशीच आहे," गाडीवाला म्हणाला.

सोबत आलेली भावजय नंदा हसली. "ताई, तपासणीला आलात आणि कचरा करून चाललात."

तरी शंका होतीच: साहेबांची बदली झाली की पुढे काय? पुढच्या दिवशी नंदा मला यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत विमलबाईंकडे घेऊन गेली. त्या आमच्या धुळ्याकडच्याच, नवरा लूमवर. साहेब नेमके रजेवर होते. तरी झाडूवाले आले, मुकादमाने एकेक झाकण उचलून गटार पाहिलं.

"साहेब नसले तरी येतो?" मी विमलबाईंना विचारलं.

"येस ना. नही उना ते आम्ही बाया त्याना घर जातस. त्यानी बायको आम्हले देखीसनी दार लाई लेस." म्हणजे मुकादम नाही आला तर या बाया त्याच्या घरीच धडकतात, आणि त्याची बायको यांना पाहून दार लावून घेते.

वस्तीच्या टोकाला मात्र एक डबकं दिसलं. परतीच्या बसमध्ये मी तेच घोळवत बसले. एवढा मोठा रोग, आणि त्याच्यासमोर रोजचं झाकण उचलणं, पुरेल का? की मला ते पुरायलाच नको होतं? नवापूर आलं तरी ठरेना.

घरी आई मेथी निवडत होती.

"मग?"

"गल्ली स्वच्छ आहे. विमलबाईंच्या वस्तीत एक डबकं होतं. पण साहेब नसतानाही मुकादम येतो."

ती काड्या बाजूला करत राहिली. "तुला एकटीला करमेल?"

"ते बघायला पाठवलं नव्हतंस."

उद्या: आईचं सुरतेचं आरक्षण.