पदरातली शिट्टी

खामगावहून उंद्रीला येणाऱ्या एसटीत एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली होती. माझ्या मांडीवर नवाकोरा, भला मोठा कुकर होता. एका खड्ड्यात त्याची शिट्टी खाली पडली. तिने ती उचलली, मला न विचारताच स्वतःच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि कुकरचा एक कान धरून ठेवला.

"घरी लगन हाय का भाऊ?"

मी सांगितलं, आम्ही काही हौशी मंडळी मिळून गावात प्रयोगशाळा उघडतोय. जंतूंच्या जनुकांत बदल करून त्यांच्याकडून रंग तयार करून घ्यायचा. काम झालं की ते बाहेर सुटू नयेत म्हणून याच कुकरात शिजवून मारायचे. हे ऐकून लोक हसायचे, नाहीतर घाबरायचे. तिने दोन्ही केलं नाही.

"भात कच्चा राह्यला त घरचे बोलतात," ती म्हणाली. "हे कच्चं राह्यलं त तुमाले कोन सांगन?"

"घड्याळ लावतो ना," मी म्हणालो. ते उत्तर माझं मलाच पुरेना.

तिचं गाव आलं. गाठ सोडून तिने शिट्टी माझ्या तळहातावर ठेवली, वरून माझी बोटं मिटवली आणि उतरून गेली.

आता प्रयोगशाळेत घड्याळात लावलेली वेळ संपली की सोबतचे म्हणतात, झालं, गॅस बंद कर. मी म्हणतो, अजून एक शिट्टी होऊ द्या. कच्चं राहिलं तर सांगायला आपल्याकडे पानावर कोणी बसलेलं नाही.