मास्तरांचं आंब्याचं झाड

पंचायतीच्या जीपमधून घरोघरी जाऊन मरणासन्न माणसांना धुणंपुसणं, दुखणं हलकं करणं, हे ओमना सिस्टर एकोणीस वर्षं करत होती. आताशा तिचे गुडघे बोलायला लागले होते. तरी वापरलेल्या नळ्या, हातमोजे पिशवीत भरून ती परत घेऊन यायची, नाहीतर लोक ते सरळ कालव्यात टाकत.

कुंजिरामन मास्तरांचं फुप्फुस संपत आलं होतं. पेजसुद्धा दोन चमच्यांवर आली होती. आखातातून आलेला मुलगा प्रदीपन हट्टाला पेटला होता, कोळिकोडच्या हॉस्पिटलात नेऊन श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं.

"सिस्टर, याला सांग," मास्तर दम खात म्हणाले. "मला इथेच राहू दे. आणि दारातला आंबा माझ्यासाठी तोडायचा नाही. गॅसच्या स्मशानात न्या."

चितेला घरचाच आंबा लागतो, ही गावची रीत. प्रदीपन वैतागला. "सिस्टर, तुम्ही औषधाचं बघा. झाडाचं आमचं आम्ही बघू. मामा काय म्हणतील?"

"मामाला मरायचंय का?" मास्तर म्हणाले. "हे बघ, माझी वेळ झाली. मला ओढून जगवायचं आणि ज्याची वेळ झाली नाही त्याला तोडायचं, दोन्ही उलटंच की."

ओमनाला वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने वहीत दोन्ही इच्छा एकाखाली एक लिहिल्या, मास्तरांना पेन धरवेना म्हणून अंगठा घेतला आणि प्रदीपनला एवढंच म्हणाली, "पहिली मानलीस तर दुसरीही मान. माणूस एकच आहे."

त्याने कोळिकोडला जायला गाडी बोलावली नाही. नंतरचे चार दिवस बापाच्या उशाशी बसून त्याचे ओठ ओले करत राहिला.

गुरुवारी सकाळी मास्तर गेले. ओमना पोचली तेव्हा मामा कुऱ्हाडवाल्याला घेऊन अंगणात उभे होते आणि प्रदीपन झाडाला पाठ लावून. शेवटी मामांच्या समाधानासाठी एक फांदी उतरवली. गॅसच्या स्मशानातल्या माणसाने तीही बाजूला ठेवली. "लाकूड आत चालत नाही," तो म्हणाला.

अंगणात परतल्यावर मामा ओमनाशी बोलले नाहीत. प्रदीपनने विचारलं, "चहा घेणार?"

तिला हवा होता. पण कालव्यापलीकडे एका म्हातारीच्या जखमेची पट्टी बदलायची राहिली होती. ती जीपमध्ये चढली आणि पुढचं घर येईपर्यंत डोळे मिटून बसली.