आधी गाडी बांध, मुंजाबा

मुंजाबाला ट्रक चालवताना झोप कधी आली नाही, पण उघड्या डोळ्यांनी स्वप्नं मात्र पडायची. अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. चाळिशीत कळप विकून तो बायकोला घेऊन शहरात आला आणि हेवी लायसन्ससाठी कडुबा उस्तादाच्या हाताखाली शिकू लागला. केबिनच्या उंचीवरून त्याला जग मऊ दिसायचं. सकाळी दौलताबादचा किल्ला धुक्यात तरंगायचा आणि हा गडी मनातल्या मनात त्याच्या पायथ्याशी मेंढरं बसवून मोकळा व्हायचा.

कडुबाचं एकच पालुपद. "खाली पाय ठेवायच्या आधी गाडी बांध. हँडब्रेक ओढ, इंजिन बंद कर, गेरात टाक, उतरलास की चाकाला दगड लाव. मंग बापाचं लगीन आसलं तरी जा!"

घाटात गाडी न्यूट्रल करायची नाही, आरशात दिसत नाही तिथं माणूस आहे असंच धरायचं, हे सारं मुंजाबा घरी घोकायचा. भाकरी थापता थापता बानाबाई हसायची. "मेंढरांपायी कधी एवढं पाठ नव्हतं केलं तुम्ही."

टेस्ट चार दिवसांवर आली होती. रिकामा ट्रक घेऊन दोघं वेरूळहून परतत होते. घाटाच्या उतारावर वळणाआड अख्खा कळप आडवा आला. ऊन कलतं होतं, लोकरीवर सोनेरी धूळ उडत होती. मुंजाबानं गाडी थांबवली एवढं खरं. पुढचं त्याला कळलंच नाही. दार उघडून तो खाली होता, हात पसरून "हर्र, हर्र" करत मेंढरं कडेला घेत होता. किती दिवसांनी घशातून तो आवाज निघाला होता!

मागून ट्रक हळूच सरकू लागला. कडुबानं झेपावून ब्रेक ओढला, तेव्हा पुढचं चाक एका मेंढीपासून हातभर अंतरावर होतं.

कडुबा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "मेंढरं दिसली की तुला गाडी दिसत नाय. टेस्टला जायचं नाय आत्ता."

मुंजाबाचा जीव तीळतीळ तुटला. कळप गेला होताच, आता ट्रकही हातचा जाणार होता.

पुढं महिनाभर कडुबानं त्याला रोज पिदवलं. मग एकदा त्याच घाटात पुन्हा मेंढरं आली. एक कोकरू कडेच्या चारीत पडून बें बें करत होतं. मागून येणारी धनगरीण ओरडली, "दादा, धरा की तेवढं!"

मुंजाबाचा हात दाराकडं गेला आणि मागं आला. त्यानं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, गेर टाकला. खाली उतरून चाकाखाली दगड सारला. लाथ मारून तो नीट बसलाय का पाहिलं. तोवर बाईनं स्वतःच चारीत उतरून कोकरू काखेत घेतलं होतं.

"लई मोठा सायब!" त्याच्याकडं न बघता ती पुटपुटली आणि कळपामागं चालू लागली.

खिडकीतून कडुबा म्हणाला, "उद्या टेस्टला जाऊ आपण."

मुंजाबानं ते ऐकलं. बाई, म्या बी धनगरच हाय, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण कळप वळणाआड गेला होता.